मेमरी कार्ड घेताय? मोठ्या आकड्याला भुलू नका

लग्नसराई जवळ आली की कपाटातला कॅमेरा बाहेर निघतो. बॅटरी चार्ज होते, भिंग पुसले जाते आणि मग लक्षात येते, कार्ड कुठे आहे? ऐन वेळी स्वस्त आणि मोठ्या आकड्याचे जे दिसेल ते मागवले जाते. शालूसाठी दहा दुकाने पालथी घालणारी मंडळी, ज्यावर सप्तपदी उतरायची ते कार्ड मात्र दोन मिनिटांत घेऊन मोकळी होतात!

खरे तर आधी कॅमेऱ्याचे माहितीपुस्तक उघडावे. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांना एसडी कार्ड लागते; पण त्यातही पिढ्या आहेत. साधे एसडी २ जीबीपर्यंत, २००६ मध्ये आलेले एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत आणि २००९ मध्ये जाहीर झालेले एसडीएक्ससी त्यापुढचे. नवा कॅमेरा सहसा जुने कार्ड वाचतो, जुना कॅमेरा मात्र नवे कार्ड ओळखत नाही. हल्ली मुलांना आईबाबांचे जुने छोटे कॅमेरे हवेहवेसे वाटू लागले आहेत. त्यात ६४ जीबीचे कार्ड घातले आणि पडद्यावर ‘एरर’ आली, तर बिचाऱ्या कॅमेऱ्याला बोल लावू नये.

आता वेग. कार्डावर ठळक छापलेला आकडा बहुधा फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याचा असतो. चित्रण करताना महत्त्वाचा असतो लिहिण्याचा वेग, आणि तो बारीक खुणांत दडलेला असतो. इंग्रजी ‘व्ही’पुढे ३० असेल, तर ते कार्ड सेकंदाला किमान ३० एमबी लिहिते. घरगुती फोरके चित्रणाला साधारण १२-१३ एमबी पुरतात. म्हणजे याहून महाग कार्डाची गरज घरात क्वचितच पडते. आकारमानाचेही तसेच. एक फोटो १० एमबीचा धरला, तरी ६४ जीबीत सुमारे सहा हजार फोटो मावतात. ३६ फोटोंचा रोल जपून वापरणाऱ्या पिढीला हे ऐकून हसूच येईल.

खरा धोका आहे तो बनावट कार्डाचा. आत चिप असते ८ जीबीची. पण तिला ‘मी १२८ जीबीची आहे’ असे खोटे बोलायला शिकवलेले असते. कॅमेरा विश्वास ठेवतो. पहिले शे-पाचशे फोटो नीट येतात. खरी जागा संपली की पुढचे फोटो नावापुरते उरतात किंवा जुन्यांवरच नवे लिहिले जातात. कॅमेरा चकार शब्द काढत नाही. वरात घरी येते, कार्ड कॉम्प्युटरला लावले जाते, तेव्हा कुठे हळद दिसते आणि मंगलाष्टके गायब!

म्हणून पाकिटावर आयातदाराचे वा उत्पादकाचे नाव-पत्ता आणि कमाल किंमत पाहावी, पक्के बिल घ्यावे. बाजारभावाच्या निम्म्यात मिळणारे कार्ड तिथेच ठेवावे. आणलेले कार्ड परत करण्याची मुदत संपण्याआधी तपासून घ्यावे. ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ हा मोफत प्रोग्रॅम ते पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहतो. वेळ लागतो, पण रात्री लावून ठेवता येते. फसवणूक झालीच आणि दुकानदार ऐकेना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते.

एका १२८ जीबीच्या कार्डापेक्षा ६४ची दोन बरी. हळद एकावर, लग्न दुसऱ्यावर. कार्ड कोरे करायचे ते फोटो दोन ठिकाणी उतरवल्यावर, आणि कॅमेऱ्यातल्याच ‘फॉरमॅट’ने. चुकून काही पुसले गेले, तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो न काढता ते लगेच बाहेर काढावे. पुसलेले फोटो पुष्कळदा रिकव्हरी प्रोग्रॅमने परत मिळतात. त्यांच्या जागेवर नवे लिहिले गेले, तर मात्र नाही.