भिकू म्हात्रे आणि धनंजय माने

गतवर्षीं अकोल्याहून सामना खेळून परततांना मूर्तिजापूर येईपर्यंत आगगाडींत आमच्या विद्यार्थ्यांचा कडाक्याचा वाद चालला होता: 'सत्या' (१९९८) हा चित्रपट फाजील नांवाजला गेला आहे काय? भिकूच्या भूमिकेबद्दल मनोज वाजपेयींस सहाय्यक नटाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें, यावरच एक पक्ष अडून बसला. दुसरा म्हणे, नट थोर म्हणून चित्रपट थोर होत नाहीं.

आमच्या मतें दोष चित्रपटाचा नव्हे. भिकूची समुद्रकांठची आरोळी प्रत्येकास मुखोद्गत होती; पण ज्याच्यासाठीं तो झटला तोच पुढारी त्याला किती सहज गोळी घालतो, हें दोघांनाच आठवलें. भ्रमणध्वनीवर तुकडे पाहिले म्हणजे मरण गळून पडतें, ऐट तेवढी उरते. त्या ऐटीनें दरडावलेला एक धाकटा खिडकीशीं तोंड फिरवून बसला होता. त्याचें मत कोणीं विचारलें नाहीं.

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मात्र सर्वांनीं 'टाइमपास' ठरवून सोडून दिला. हें आम्हांस मुळींच पटत नाहीं. पुण्यांत बिऱ्हाड मिळेना म्हणून दोघे मित्र स्त्रीवेष घेतात. बिंग फुटण्याच्या धास्तींतून हशा पिकतो. अशोक सराफांचा धनंजय तें संकट खरें मानतो, म्हणूनच आपण हंसतों. मुलासाठीं पुण्यांत खोली शोधलेल्या वऱ्हाडी पालकांस हें निराळें सांगावयास नको.

बडनेऱ्यास उतरतांना आम्हीं त्या धाकट्यास विचारलें. "बनवाबनवी, सर," तो हळूच म्हणाला आणि मागें कोण आहे तें पाहूं लागला.