दावा पडून आहे, तरी नांगर धरायचा का?



पाऊस तोंडावर आलाय आणि वस्त्यावस्त्यांवर एकच प्रश्न निघतोय. वनहक्काचा दावा टाकलाय, निकाल नाही. गार्ड म्हणतो, नांगर घातला तर केस करीन. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात शिकली-सवरली माणसंही ऐकवतात, "अतिक्रमण ते अतिक्रमणच, कायदा हातात घेऊ नका." मग पेरायचं का नाही?

आम्ही म्हणतो, पेरायचं. पण हट्टानं नाही. कायदा, नीती आणि राजकारण, तिन्ही तराजूंत तोलून.

आधी कायदा घेऊ, कारण भीती त्याचीच घालतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने सुरवातीलाच कबूल केलंय की जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. कलम ४(५) सांगतं, दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत ताब्यातल्या वनजमिनीवरून कुणाला हुसकून लावायचं नाही. मग दावा पडून असताना जुन्या रानात पेरलं तर कायदा कोण मोडतो, आपण की हुसकावणारा?

पण तोच कायदा आपल्यालाही बांधतो. जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसलेली पाहिजे. प्रत्यक्ष कसतो तेवढीच, आणि फार तर ४ हेक्टर. काल झाडं तोडून आज दावा लावणारा, मग तो आपल्यातला का असेना, आम्ही त्याच्या बाजूनं उभं राहणार नाही.

"पुरावा दाखव" म्हणतात. कुणाला म्हणतात ते बघा. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याखाली आपल्या पारध्यांना जन्मतःच चोर ठरवलं, हजेरी लावली, सोलापूरला तारेच्या कुंपणात कोंडलं. तो कायदा १९५२ ला गेला, पोलिसाची नजर गेली नाही. ज्याला एका जागी टिकूच दिलं नाही, त्याच्याकडे आता टिकल्याचा कागद मागतात! पण भिऊ नका. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब, जुनं घर, बांध, विहीर, माती दिलेली जागा, हे सगळं नियमात पुरावा म्हणून धरलंय. एकावर थांबू नका, दोन-तीन जोडा.

आता नीती. २५ सप्टेंबर १९३० ला रायगडकडच्या चिरनेरला लोकांनी जंगल सत्याग्रह केला. तेव्हाच्या कायद्याने तो गुन्हाच होता. गोळीबार झाला, माणसं मेली. त्यात नाग्या महादू कातकरी हा आपलाच आदिवासी होता. आज तिथं हुतात्मा स्मारक आहे, पुढारी हार घालतात. त्या दिवसाच्या कोयत्याला हार आणि आमच्या नांगराला नोटीस, हा कुठला न्याय? पोटासाठी कसणं पाप नाही. पण आपल्या नांगरानं दुसऱ्या गरिबाचं पोट मारलं तर ते पाप आहे. धनगराच्या मेंढरांची वाट, गुरांचं पाणी, सामायिक गवत मोकळं ठेवलंच पाहिजे. उभं झाड तोडायचं नाही, वणवा लावायचा नाही. गार्ड आला तरी हात उचलायचा नाही. तोही पगारावरचा माणूस आहे.

राहिलं राजकारण. आपला भाग अनुसूचित क्षेत्रात नाही. मोठ्या गावच्या ग्रामसभेत ऊसवाल्यांचे हात शंभर, आपले दहा. एकट्यानं गुपचूप पेरलं तर तो चोर ठरतो. साऱ्या वस्तीनं अर्ज देऊन, दिवस ठरवून, उजेडात पेरलं तर तो हक्क ठरतो. म्हणून बायकांसकट ग्रामसभेला जा. ठराव वाचून घेतल्याशिवाय सही-अंगठा देऊ नका. दावा फेटाळला तर लेखी मागा, मुदत ६० दिवसांची आहे, त्यात वर अपील करा. "पेरून घे, पट्ट्याचं बघू" म्हणत निवडणुकीपुरता खांद्यावर हात टाकणाऱ्यालाही ओळखा. त्याला आपली जमीन नको, आपली भीती पाहिजे. पट्टा मिळाला की ती भीती संपते, म्हणून दावा पडून राहतो.

तेव्हा दाव्याची पोच आणि जबाबाची नक्कल घेऊन शनिवारी बाजारात भेटा. ज्या वस्तीचे कागद पुरे, तिथं पहिल्या पावसाला सगळे मिळून तिफण धरू. कसेल त्याची जमीन!