शिफ्टिंग, व्हाया देवरी

तुमच्यापैकी कितीजणांचं पहिलं घर आई-बाबांनी लावून दिलंय? हात वर करा पाहू. वाकड, बाणेर, फार तर पवई. टू बीएचके, दोन रूममेट्स आणि स्टुलावर चढून पडदे लावणारे बाबा. बरोबर ना? मीही त्याच सीनची वाट बघत होतो. आमच्या कन्येनं चिचगड काढलं.

चिचगड, तालुका देवरी, जिल्हा गोंदिया. एका बाजूला छत्तीसगड, दुसऱ्या बाजूला गडचिरोली. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं की एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते, त्याला ही पोरं 'बॉण्ड' म्हणतात. करायची नसेल तर तेव्हा 10 लाख रुपये भरून सुटता यायचं. यादीत तिच्या नावापुढे चिचगडचं ग्रामीण रुग्णालय आलं, त्या रात्री मी नेटवर गावाचं नाव टाकलं. जुन्या नक्षली बातम्यांची रांगच लागली. दुसऱ्या दिवशी लंच टाइममध्ये मी गुपचूप पर्सनल लोनची चौकशी करून आलो. पाच वर्षांचा हप्ता जेमतेम बसत होता.

बँकवाल्याचा फोन नेमका तिनं उचलला.

"बाबा, मला भीती वाटली असती तर मीच सांगितलं असतं ना," एवढंच म्हणाली. मग दोन दिवस अबोला. आई मात्र शांतपणे लोणच्याच्या बरण्या भरत होती. आमच्या घरात निर्णय असेच होतात.

लोन गेलं, पण टेन्शन कुठे जाणार? ते मी सामानात भरलं. वॉटर प्युरिफायर, इंडक्शन, मिक्सर, दोन टॉर्च, गुंडाळलेली गादी आणि एअर फ्रायर. हसू नका. संध्याकाळी पुण्यातून आझाद हिंद एक्सप्रेस धरली, दुसऱ्या दिवशी गोंदियाला उतरलो, तिथून जीप. देवरीला मुंबई-कोलकाता हायवे ओलांडून दक्षिणेला वळलो आणि दोन्ही बाजूंना नुसतं हिरवं पाणी. रोवणी चालू होती. कोकणात जिला भाताची लावणी म्हणतात, ती इथली रोवणी. बायका रांगेनं वाकलेल्या, गुडघ्यापर्यंत चिखलात. माझ्या नेटवर यातलं काहीच नव्हतं!

घर म्हणजे दोन खोल्या, वर कवेलू, मागे विहीर. लेक रुजू व्हायला दवाखान्यात गेली आणि मी उत्साहानं जमिनीवर गादी अंथरली. घरमालकीणबाई दारातूनच म्हणाल्या, "खाली नोका झोपू जी. पान्याचे दिवस आहेत." आणि स्वतःच्या घरातून त्यांनी दोन खाटा पाठवल्या.

संध्याकाळी मी मच्छरदाणी बांधली. हवा खेळावी म्हणून कडा लोंबत्या ठेवल्या. लेकीनं चारही बाजूंनी त्या गादीखाली खोचल्या.

"डासांसाठी एवढं?"

"डासांसाठी आहेच. मण्यारसाठीपण."

मग माझी शिकवणी झाली. मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की बऱ्याचदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखायला लागतं, पापण्या जड होतात, मग श्वासाचे स्नायू थकतात. घरच्यांना वाटतं, काहीतरी खाण्यातून झालं असेल. खाट आणि खोचलेली मच्छरदाणी, एवढ्यानंही पुष्कळ जीव वाचतात. हे सगळं ती भांडी लावता लावता सांगत होती. तिला हे कधीपासून माहीत होतं कोण जाणे. मी तर अजून तिच्या डब्याचीच काळजी करत होतो.

रात्री दोनच्या सुमारास दार वाजलं. दवाखान्यातला माणूस, हातात टॉर्च. रोवणी करून आलेली एक बाई, खाली झोपलेली, पोटात दुखतंय, डोळे उघडत नाहीत. लेक चप्पल घालून निघालीसुद्धा. "मी येऊ?" असं मी विचारलं. "येऊन काय करणार, बाबा?" खरंच, काय करणार होतो?

मग मी घर लावलं. फडताळात कागद घातले, डबे मांडले, लोणच्याच्या बरण्या वरच्या फळीवर. प्युरिफायर काही जमला नाही.

ती आली तेव्हा उजाडलं होतं. मोठे डॉक्टर आधीच पोचले होते, सर्पविषावरचं इंजेक्शन दिलं, 108 बोलावून गोंदियाच्या मेडिकल कॉलेजला पाठवलं. "जाताना श्वास स्वतःचा घेत होती," एवढं सांगून ती उभ्याउभ्या पाणी प्यायली आणि आडवी झाली. मच्छरदाणीच्या कडा या वेळी मी खोचल्या. चारही.

दुपारी निघालो. घरमालकीणबाईंनी पाच किलो तांदूळ बळेच पिशवीत कोंबला. "पोरीची काळजी काहून करता जी? आम्ही आहोत ना."

देवरीला पोचायच्या आत लेकीचा मेसेज आला: 'पेशंट व्हेंटिलेटरवर आहे, पण स्टेबल. मिक्सर काकूंना दिला. जेवून घ्या.'

एअर फ्रायर मात्र परत आणलाय. बॉक्स फोडलेला नाही. वाकड-बाणेरकडे कुणाचं शिफ्टिंग असेल तर कळवा.