बंद पडलेले इंजिन आणि सुरू राहिलेला हप्ता

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई जलमय झाली. अशा प्रत्येक आपत्तीनंतर गॅरेजच्या दारात मोटारींची रांग लागते आणि 'पाण्याने इंजिन गेले' असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः पाण्याने आरंभ केलेली हानी अनेकदा पूर्णत्वास नेतो तो मालकाचा उतावीळपणा.

हवेच्या मार्गाने पाणी सिलिंडरमध्ये शिरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्यामुळे वर येणारा पिस्टन मध्येच अडतो आणि सारा भार कनेक्टिंग रॉडवर येऊन तो वाकतो, प्रसंगी तुटून इंजिनचा ब्लॉकही फोडतो. पाण्यात गाडी बंद पडल्यावर पुन्हा पुन्हा किल्ली फिरविणे म्हणजे या संकटाला स्वहस्ते आमंत्रण देणे होय.

एअर फिल्टर भिजलेला असणे, तेलाच्या पट्टीवर दुधाळ कॉफीसारखा रंग दिसणे, स्टार्टर 'खट्' आवाज करून अडणे, ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी बॅटरीची जोडणी काढून गाडी ओढून न्यावी. पेट्रोल इंजिनचे स्पार्क प्लग वा डिझेल इंजिनचे इंजेक्टर काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढावे. तेल व फिल्टर बदलावेत. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरचा दाब तपासावा. ही शेवटची तपासणी टाळणे सर्वांत घातक. किंचित वाकलेल्या रॉडवरही इंजिन सुरू होते आणि काही काळाने, भर रस्त्यात, तो रॉड तुटतो. एका सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा कमी भरल्यास इंजिन उघडण्याचा खर्च टाळू नये.

येथवर प्रश्न यंत्राचा. पुढे तो अर्थकारणाचा होतो. सर्वसमावेशक विम्यात पुराची हानी समाविष्ट असते. परंतु 'परिणामी हानी' वगळलेली असते. बुडालेले इंजिन सुरू करण्याच्या प्रयत्नात मोडले, तर याच कलमाखाली दावा नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी अतिरिक्त प्रीमियम भरून 'इंजिन संरक्षण' घेता येते. कर्जदार मात्र प्रीमियममधील थोडी रक्कम वाचवितो आणि गाडी गॅरेजमध्ये उभी असतानाही कर्जाचा मासिक हप्ता भरीत राहतो.

कर्जमंजुरीच्या वेळी विमापत्रावर बँकेच्या नजरगहाणाची नोंद आहे का, हे काटेकोरपणे पाहिले जाते. त्याच टेबलावर इंजिन संरक्षणाविषयीही दोन वाक्ये बोलली जावीत. यावर 'ग्राहकावर खर्च लादला जाईल' असा आक्षेप येऊ शकतो. तो रास्त आहे; म्हणूनच सक्ती नको, माहिती हवी. डोंगरमाथ्यावर राहणारा ग्राहक ते संरक्षण नाकारील. सखल वस्तीतला कदाचित घेईल. निर्णय त्याचा असावा, पण तो अज्ञानातून झालेला नसावा.

गहाण वाहन निकामी झाले, तरी कर्ज शिल्लक राहतेच. म्हणून पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वाहनधारकाने विमापत्राची वगळलेल्या बाबींची यादी वाचावी, आणि पाण्यात गाडी बंद पडताच किल्ली खिशात ठेवावी. या दोन्ही गोष्टींना एक पैसाही लागत नाही.