बारा वर्षांचा दुष्काळ खरा होता का? गुहेतल्या दगडाला विचारू या



दामाजीपंतांची गोष्ट वर्गात सांगितली की एक प्रश्न हमखास येतो. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने तो विचारला. "सर, तो दुष्काळ बारा वर्षं होता म्हणतात. बारा वर्षं पाऊसच नाही, तर माणसं उरली कशी?" मी काय उत्तर दिलं असेल? आपण सगळेच देतो तेच. "अगं, जुन्या गोष्टी आहेत, लोक जरा वाढवून सांगतात." मुलगी खाली बसली, तास संपला. पण ते उत्तर माझं मलाच रुचलं नाही. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की ते बरंचसं चुकीचंही होतं.

आधी एक घोळ निस्तरून घेऊ, कारण तो माझाही होता. बारा वर्षांचा म्हणतात तो दुर्गादेवीचा दुष्काळ. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरांमध्ये तो 1396 पासून 1407 पर्यंत दिला आहे. दामाजीपंतांच्या नावाने ओळखला जातो तो दुष्काळ 1460 च्या सुमाराचा, म्हणजे पन्नासेक वर्षांनंतरचा. लोकांच्या आठवणीत दोन्ही एक झाले आणि आपण तेच मुलांना सांगतो.

दुर्गादेवीच्या दुष्काळाने गावंच्या गावं ओस पडली होती. 1429 च्या सुमारास बहामनी दरबाराने दादो नरसू नावाच्या माणसाला वस्ती पुन्हा बसवायला पाठवलं, तेव्हा जुन्या गावांच्या शिवा कुणाला आठवेनात. त्याने दोन-दोन गावं एकत्र करून नव्या हद्दी आखल्या. जो कसेल त्याला जमीन, पहिल्या वर्षी सारा माफ आणि दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे तोबराभर धान्य. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला चंदीची पिशवी बांधतात ती. सारा असा आकारावा लागला, यावरून मुलुखाची काय दशा झाली असेल ते मुलांना आपोआप कळतं. हा तपशील वर्गात जरूर सांगा.

पण हा झाला माणसांचा पुरावा. पावसाचा पुरावा कुठून आणायचा? भारतीय हवामान खातं स्थापन झालं 1875 साली. देशभराच्या पावसाची सलग मालिका 1871 पासून मिळते. म्हणजे आपली मोजलेली आठवण जेमतेम दीडशे वर्षांची. त्यामागे जायचं तर दगडाकडे जावं लागतं.

तो दगड महाराष्ट्रात मिळणं मात्र अवघड. आपल्या बहुतेक भागाखाली बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण. अजिंठा-वेरूळची लेणी माणसाने त्यात कोरलेली. पाण्याने आपोआप कोरलेल्या गुहा चुनखडीत होतात. ज्यांनी आंध्रातल्या बोरा गुहा पाहिल्या असतील त्यांना छतातून लोंबणारे आणि जमिनीतून वर आलेले ते खांब आठवत असतील. भूगोलात आपण त्यांना लवणस्तंभ म्हणतो. (लवण म्हटलं की मुलं मीठ समजतात. ते मीठ नव्हे, कॅल्शियम कार्बोनेट, हे एकदा स्पष्ट सांगावं लागतं.)

आता माझी दुसरी चूक. कित्येक वर्षं मी धुण्याच्या सोड्याचा प्रयोग करून दाखवत होतो. दोन ग्लासांत सोड्याचं दाट द्रावण, मध्ये लोकरीचा धागा, खाली बशी. दोन-चार दिवसांत धाग्यावरून पांढरं टोक लोंबायला लागतं, मुलं खूश, आपणही खूश. आणि मग मी म्हणायचो, "गुहेत अगदी असंच होतं. पाणी वाळतं, चुना उरतो." तसं होत नाही! खोल गुहेतली हवा इतकी दमट असते की तिथे पाणी फारसं वाळतच नाही. खरी गोष्ट वेगळी आहे. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. ते चुनखडी विरघळवतं. गुहेच्या छताशी आलं की तिथल्या हवेत हा वायू मातीतल्यापेक्षा पुष्कळ कमी असतो, म्हणून तो पाण्यातून निघून जातो. सोडा-वॉटरची बाटली उघडल्यावर फसफसतं, तसंच, फक्त अगदी हळू. वायू गेला की चुना पाण्यात धरून ठेवणारं काही उरत नाही आणि त्याचा पातळसा थर बसतो.

हे दाखवायला सोडा नको, चुन्याची निवळी घ्या. पानाचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा, वरचं नितळ पाणी काढून घ्या आणि त्यात तेवढंच साधं पाणी मिसळा, नाहीतर फुंकून फुंकून गाल दुखतात. स्ट्रॉने फुंकलं की निवळी दुधाळ होते, हे सगळ्यांनाच माहीत असतं. तिथे थांबू नका, फुंकत राहा. हळूहळू ती पुन्हा नितळ व्हायला लागते, म्हणजे चुनखडी विरघळली. आता ते पाणी तापवा. वायू निघून जातो आणि पाणी परत गढूळ होतं. एका परीक्षानळीत अख्खी गुहा! (निवळी ओढायची नाही, फुंकायची. डोळ्यांत जाऊ द्यायची नाही. मोठं माणूस शेजारी हवंच.)

हे थर इतके सावकाश चढतात की साधारणपणे वर्षाला मिलिमीटरचा दहावा ते शंभरावा भाग. आपलं नख महिन्याभरात जेवढं वाढतं तेवढं वाढायला स्तंभाला तीस ते तीनशे वर्षं लागतात. अभ्यासक बहुधा जमिनीवरून वर वाढलेला स्तंभ घेतात, कारण त्यात थर एकावर एक नीट रचलेले असतात. तो उभा कापतात आणि बारीक ड्रिलने थराथरातून चिमूटभर पूड काढतात.

त्या पुडीला दोन प्रश्न विचारायचे. पहिला: तुझं वय काय? पाण्यात युरेनियम विरघळतं, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. म्हणून नव्या थरात युरेनियम असतं, थोरियम नसल्यात जमा. पुढे युरेनियमचं थोरियम होत जातं, ते ठरलेल्या वेगाने. थोरियम किती साठलं ते मोजा, वय कळतं. दुसरा प्रश्न: तेव्हा पाऊस कसा होता? ऑक्सिजनचे अणू सगळे सारख्या वजनाचे नसतात. दर पाचशेत साधारण एक जड असतो. ढगातून पाऊस पडताना जड अणूंचं पाणी आधी उतरतं, आणि पाऊस जोरात पडत राहिला की पुढचं पाणी हलकं होत जातं. त्यामुळे मोसमी पाऊस चांगला झाला की थरात जड ऑक्सिजन कमी, पाऊस रोडावला की जास्त. अर्थात हा काही पर्जन्यमापक नव्हे. ढग कोणत्या समुद्रावरून आले यानेही आकडा बदलतो, म्हणून अमुक साली इतके मिलिमीटर पाऊस झाला असं त्यातून वाचता येत नाही. ओला काळ आणि कोरडा काळ मात्र वाचता येतो.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. छत्तीसगडात बस्तरच्या कांगेर खोऱ्यात दंडक नावाची गुहा आहे. मोसमी पावसाच्या ज्या मध्यवर्ती पट्ट्यात ती येते, त्याच पट्ट्याशी आपल्या विदर्भ-मराठवाड्याचं नशीबही बांधलेलं आहे. तिथल्या स्तंभातून आशिष सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इसवी सन 600 ते 1500 या काळाची नोंद 2007 मध्ये मांडली. चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या पूर्वार्धात पाऊस पुन्हा पुन्हा आणि दीर्घकाळ रोडावलेला त्यात दिसतो, आणि दुर्गादेवीचा दुष्काळ नेमका त्यातच बसतो. पुढे 2022 मध्ये गायत्री कठायत आणि सहकाऱ्यांनी मेघालयातल्या मावम्लुह गुहेच्या स्तंभावरून गेल्या हजार वर्षांची आणखी बारीक नोंद प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षं चालणारी अवर्षणं या हजार वर्षांत वारंवार येऊन गेली, आणि कागदोपत्री नोंदलेल्या दुष्काळांशी त्यांचा काळ जुळतो, असं त्यांना आढळलं.

म्हणजे बारा वर्षं एक थेंबही पडला नाही असं नाही. पण दशकंच्या दशकं पाऊस हात आखडून होता आणि त्यात ओळीने वाईट वर्षं आली, हे खरं. आजीची गोष्ट अगदीच हवेतली नव्हती.

याच मावम्लुह गुहेतल्या दुसऱ्या एका स्तंभावरून भूशास्त्रज्ञांनी 2018 साली सध्याच्या भूशास्त्रीय कालखंडाला 'मेघालयन' हे नाव दिलं. सुमारे 4,200 वर्षांपूर्वीच्या मोठ्या अवर्षणाच्या खुणेपासून तो सुरू होतो. ढगांच्या घराचं नाव आणि सुरुवात अवर्षणाने! मुलांना ही गंमत आवडते. (ते अवर्षण जगभर सारखंच होतं का, यावर मात्र तज्ज्ञांमध्ये वाद आहे.)

एक सावधगिरी. दगड अवर्षण सांगतो, दुष्काळ सांगत नाही. 1630 साली, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या वर्षी, दख्खनेत पाऊस गेला, पण त्याच वेळी मोगल फौजाही इथे उतरलेल्या होत्या. धान्य कुणाच्या तोंडी गेलं हे दगडात लिहिलेलं नसतं. उलट 1972 साली पाऊस गेला तेव्हा आपल्याकडे खडी फोडण्याची का होईना, कामं निघाली आणि सुकडी वाटली गेली. पाऊस जाणं आणि माणसं उपाशी मरणं यांच्यामध्ये सरकार, रस्ते, कोठारं असं बरंच काही असतं. हा फरक भूगोलाच्या तासाला सांगायचा की इतिहासाच्या, हे ठरवत बसलो तर कुठेच सांगून होत नाही.

माझं खरं म्हणणं इथे आहे. आपण मुलांना पाऊस शिकवतो तो सरासरीने. जिल्ह्याची सरासरी इतकी, तालुक्याची तितकी. ही सरासरी त्या दीडशे वर्षांच्या आतलीच, बहुतेकदा शेवटच्या काही दशकांची. देशभराच्या पावसाच्या मालिकेत सलग तीन वर्षं मोठं अवर्षण जवळजवळ सापडतच नाही. मग 'एक वर्ष वाईट गेलं, पुढच्या वर्षी धरण भरेल' हाच हिशेब घरात, बँकेत आणि ग्रामपंचायतीत चालतो. याच हिशेबावर ऊस लावला जातो आणि बोअर आणखी शंभर फूट खाली नेली जाते. दगड सांगतो की हा हिशेब थोडक्या आठवणीचा आहे. दुष्काळी तालुक्यातली मुलं समोर बसलेली असताना त्यांच्यापासून हे ठेवून चालणार नाही. घाबरवायचं नाही, हेही खरं, आणि ते कसं साधायचं हे मला अजून पुरतं जमलेलं नाही.

त्या मुलीला यंदा जूनमध्ये बोलावून माझं आधीचं उत्तर मागे घेतलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सर, असं पुन्हा झालं तर आपल्या गावातल्या विहिरी किती वर्षं पुरतील?" तिच्या तुकडीने आता गावातल्या विहिरींची पातळी दर अमावस्येला दोरीने मोजायला घेतली आहे. सात विहिरी आहेत. पाच जणांनी होकार दिला आहे, दोघे विहीरमालक अजून हो म्हणत नाहीत.