वाकडा पडदा आणि डोळे

दहावी-बारावी आटोपली की मुले संगणकाचा हट्ट धरतात. आता धाराशिवातही गेम खेळायला ‘कर्व्ह्ड’ मॉनिटर मागितला जातो. ‘डॉक्टर, वाकडा पडदा डोळ्यांना चांगला ना?’ असे पालक मला विचारतात. केवळ डोळ्यांसाठी म्हणून जादा पैसे मोजू नयेत, असे माझे मत आहे.

खोक्यावर ‘१५००आर’ लिहिलेले असते. म्हणजे पडदा १५०० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. आकडा लहान तितका वाक अधिक. २४ इंची पडद्यात हा वाक नावापुरताच. ३४ इंची रुंद पडद्यात तो जाणवतो, पण त्याला टेबलही खोल लागते. आपल्याकडे टेबल दीड फुटी, तेही भिंतीला टेकवलेले! डोळ्यांपासून पडदा निदान दोन फूट तरी दूर हवा.

त्यापेक्षा साधा सपाट, ‘फ्लिकर-फ्री’ आणि उंची कमीजास्त करता येणारा मॉनिटर घ्यावा. वरची कड नजरेच्या रेषेत किंवा किंचित खाली ठेवावी. टक लावून खेळताना पापण्या कमी मिटतात, म्हणून डोळे चुरचुरतात. त्याला वाक काय करणार?

घेण्यापूर्वी दुकानात पडदा चालू करायला लावा आणि पाच मिनिटे समोर बसून बारीक अक्षरे वाचून पाहा.