रद्दबातल कलमाची दहशत

“सही राजीखुशीने केली, मग आता तक्रार कसली?” नोकरी सोडल्यावर वर्ष-दोन वर्षं प्रतिस्पर्धी कंपनीत जायचं नाही, या नेमणूकपत्रातल्या अटीचं समर्थन मालक असं करतात. शैक्षणिक कर्जाचा हप्ता तोंडावर असलेल्या पोराच्या पहिल्या नोकरीवरच्या सहीला मी राजीखुशी म्हणणार नाही. आणि क्षणभर तसं मानलं, तरी कायदा त्या सहीला किंमत देत नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २७: कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून कुणालाही रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. अपवाद एकच, धंद्याचं गुडविल विकणाऱ्याचा. नोकरदार गुडविल विकत नाही, श्रम विकतो.

दुसरा मुद्दा अधिक वजनाचा आहे: शिकवून तयार केलेला माणूस गुपितं घेऊन जातो. त्यासाठी कल्याणच्या टायरकॉर्ड कारखान्याचा १९६७चा निकाल पुढे केला जातो. तिथल्या शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांचा करार अर्ध्यावर टाकून कोट्याच्या कंपनीत नोकरी धरली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरची मनाई कायम ठेवली. निकाल रास्तच होता. पण ती मनाई कराराच्या मुदतीपुरती होती, हे सांगायचं राहून जातं. मुदत संपल्यावरही क्रिकेटपटू झहीर खानला बांधून ठेवू पाहणारी करारातली अट याच न्यायालयाने २००६मध्ये मानली नाही. २०२५मध्ये एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बाँड वैध ठरला, तोही तीन वर्षं पुरी होण्याआधी नोकरी सोडण्यापुरता. दुसऱ्या बँकेत जायला त्याने बंदी घातली नव्हती. गुपितं जपायला गोपनीयतेचा करार आहे, तो जरूर करावा. माणसाच्या हातातलं कसब मात्र कंपनीची मालमत्ता नव्हे.

मग रद्द असलेलं कलम छापतात कशाला? कारण ते कोर्टात टिकावं लागतच नाही. एचआरने एक नोटीस पाठवली, रिलिव्हिंग लेटर अडवलं, की माणूस हातची ऑफर सोडतो. वकिलाची फी परवडणारे किती?

म्हणून कलम रद्द असणं पुरेसं नाही, ते करारात लिहिणंच गुन्हा ठरवून दंड बसवला पाहिजे. याने उद्योग बुडतील म्हणणाऱ्यांनी कॅलिफोर्नियाकडे पाहावं. आपल्यासारखीच तरतूद तिथेही १८७२पासून आहे आणि सिलिकॉन व्हॅली तिच्याच छायेत वाढली. १ जानेवारी २०२४पासून तर तिथे असं कलम करारात घालणंच बेकायदा आहे. ज्यांच्या करारात ते आधीच होतं, त्यांना ‘हे कलम रद्द आहे’ असं १४ फेब्रुवारीपर्यंत लेखी कळवणं मालकांना भाग पडलं. तसं एक पत्र हिंजवडीतल्या प्रत्येक इंजिनिअरच्या हातात पडायला हवं.